नऊ जास्त दाखवणारा काटा

"चाक शोधून माणूस पळायला लागला, पण तो किती पळतोय हे त्याला कळलं ते काट्यामुळे," झारिलबेकने बोट वर करून जाहीर केलं आणि कळ दाबली.

पडद्यावरची गाडी खिंडीच्या पायथ्याशी इंजिन बंद करून उभी होती. तिच्या वेगाच्या तबकडीतला काटा ताशी दोनशे चौदावर जाऊन टेकला.

"कळलं," पलीकडच्या टेबलावरून चोल्पोन म्हणाली. गेममधले डोंगर ती रंगवायची आणि तिचे डोंगर कधी बिघडायचे नाहीत. एवढा दोष सोडला तर मुलगी चांगली होती.

झारिलबेकने कोडमधलं एक चिन्ह बदललं. काटा मुकाट्याने शून्यावर आला.

बिश्केकमधल्या टायरच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत तो सात महिने या एकाच काट्यामागे लागला होता. चढावर तो किंचित थरथरला पाहिजे, ब्रेक दाबल्यावर दमल्या माणसासारखा खाली बसला पाहिजे. आता तो तसा बसत होता. गेम बाहेर पडला की झारिलबेकची नोकरी कायम होणार होती, आणि मग बुरुल परत येणार होती. त्याची बायको तीन वर्षं मॉस्कोतल्या एका दुकानाच्या फरश्या पुसत होती. ऑक्टोबरात ये, असं त्याने वसंतातच तिला सांगून टाकलं होतं. ती "बरं" म्हणाली होती.

जेवणानंतर इस्केंदर आला. तो मालक असला तरी वयाने पंधरा वर्षं लहान, म्हणून झारिलबेकला "बाइके" म्हणायचा, थोरल्या भावाला म्हणतात तसं. रागवायचं असलं की तो आधी स्वतःच्या हाताने चहा आणायचा. आज चहाबरोबर मांस भरलेले दोन गरम सामसेही होते.

गेम विकत घेणाऱ्या जर्मन कंपनीने मोजमाप केलं होतं. काटा खऱ्या वेगापेक्षा नऊ जास्त दाखवत होता. सगळ्या ऑफिसने गेम खेळून पाहिला, मग एकालाही कसं दिसलं नाही, असं ते विचारत होते.

झारिलबेकने खिडकीतून खाली पाहिलं. अंगणात त्याची गाडी उभी होती, जपानहून जुनी होऊन आलेली, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची. चाकं दुसऱ्याच कुठल्या गाडीची. तिचा काटा नऊ जास्त दाखवायचा आणि अकरा वर्षं तो मनातल्या मनात नऊ वजा करत आला होता. रोज ऑफिसला येताना त्या काट्याकडे बघत त्याने हा काटा घडवला होता. शेजारी चोल्पोनची गाडी होती, तिच्यात सात वजा करावे लागत. इस्केंदरच्या गाडीत बारा. अंगणातली एकही तबकडी खरं बोलत नव्हती, आणि त्यावाचून कोणाचं कधी अडलं नव्हतं.

"एका ओळीचं काम आहे," तो म्हणाला. "आत्ता करतो."

"ते नाही, बाइके." इस्केंदरने दुसरा सामसा त्याच्याकडे सरकवला. "त्यांना काटाच नकोय. पडदा मोकळा हवाय म्हणतात."

पुढच्या महिन्यापासूनच्या नोकरीचंही इस्केंदरला काही सांगायचं होतं. ते त्याने सामशाकडे बघत, अर्धंच सांगितलं. बाकीचं झारिलबेकला कळलं. मग इस्केंदरने विचारलं, जाण्याआधी काटा तुम्हीच लपवाल का, त्यातलं दुसऱ्या कोणाला समजत नाही.

एका चौकटीतली खूण पुसायची होती. झारिलबेकने ती पुसली. रस्ता एकदम मोठा झाला, डोंगर थेट खालपर्यंत दिसू लागले. चोल्पोन उठून मागे येऊन उभी राहिली.

खाली येऊन तो गाडीत बसला. ऑक्टोबरचं जरा पुढे ढकलू या, हे वाक्य त्याने दोनदा मनात म्हणून पाहिलं आणि फोन लावला. बुरुलची कामातल्या मधल्या सुट्टीची वेळ होती.

"बरं झालं, तूच केलास," ती म्हणाली. "माझ्याबरोबर काम करते ना, त्या झेयनेपची बहीण गुरुवारी इकडे येतेय. तिच्या हाती माझे हिवाळी बूट पाठव. कपाटावर आहेत, पेपरात गुंडाळलेले."

"हिवाळी?"

"नोव्हेंबरातच पाय गोठतात रे इथे."

त्याने स्टिअरिंगवर हात ठेवला. पलीकडे मॉस्कोत कोणीतरी बादली सरकवल्याचं ऐकू आलं.

"काटा कसा आहे तुझा?" तिने विचारलं.

"चांगलाय."

"बरं. आणि जाडे मोजे टाक त्यात. दोन जोड."