बारा पावलं मागे

या, अशा जवळ सरकून बसा. काही गोष्टी लांबून सांगितल्या की निवून जातात. आज देवादिकांची कथा नाही सांगत. गाड्या पुसणाऱ्या एका माणसाची सांगते. तो माझा धाकटा भाऊ.

जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात तो कामाला होता. आलेली गाडी धुवायची, घासायची, पॉलिश करायची. सगळे त्याला 'चकचक' म्हणत. त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, त्याच गाड्यांचे जाहिरातीसाठी फोटो काढायची. बापाने उजळायचं, लेकीने टिपायचं. जोडी जमवावी तर देवानेच.

आता चकचकीत गाडीचा फोटो काढण्यात एक गोम आहे. गाडी म्हणजे चाकांवरचा आरसा. समोरची भिंत, ऊन, तारेवरचा कावळा, सगळं दारात उतरतं. म्हणून भाऊ एक मोठं काळं कापड दोन्ही हातांनी उंच धरून कॅमेऱ्याशेजारी उभा राहायचा, तिरीप अडवायला. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या लेन्सने गाडी जवळून टिपावी लागे, आणि मग दारात हमखास तोच दिसे. दोन पाय, काळं कापड, वर टक्कल. भाची घरी येऊन कॉम्प्युटरवर त्याला पुसून काढायची.

"बाईसाहेब, आज किती वेळा पुसलंत मला?" तो जेवताना विचारायचा.

"एकवीस वेळा. आणि बाबा, टकलालाच जास्त वेळ लागतो. नुसतं चमकतं!"

"मग! उगाच पॉलिशवाला म्हणतात होय?"

शेवटी तिने दुसरी लेन्स घ्यायची ठरवली. दुसरी म्हणजे कुणीतरी वापरून विकलेली, आपल्या खिशाला झेपेल अशी. भाऊ बरोबर निघाला, पिशवी धरायला म्हणून मीही गेले.

दुकानदाराने दोन लेन्स पुढे ठेवल्या. "ताई, ही वाइड न्या. चार हात जागेत अख्खी गाडी मावते."

"आधी फोटो काढून बघते," भाची म्हणाली.

दुकानदाराचीच काळी गाडी बाहेर उभी होती, धुळीने माखलेली. ती कॅमेरा डोळ्याला लावणार, तोच भाऊ म्हणाला, "थांब, असं पारोसं दार टिपतात का?" खिशातून फडकं काढलं, तोंडाची वाफ दिली आणि दार लख्ख केलं.

"काका, लेन्स विकत आणि गाडीची धुलाई फुकट? रोज येत जा!" दुकानदार म्हणाला. भाऊ खदखदून हसला, आणि तेवढ्यात भाचीने बटण दाबलं.

फोटोत गाडीचं नाक भोपळ्यासारखं सुजलेलं. आणि दारात हसणारा भाऊ, हातात फडकं, पोट हे एवढं.

"हे पोट माझं नाही, ताईचं आहे!" तो माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला. "मला पाठवून ठेव गं हा. आजारी पडलो की बघून हसेन."

"आणि गाडी?"

"असलं नाक बघून गिऱ्हाईक येईल आणि आल्यावर जोडे मला मारील."

दुसरी लेन्स स्वस्त होती, पन्नास मिलिमीटरची. तिच्यात झूम नव्हता. जवळ हवं तर पुढे जा, अख्खी गाडी हवी तर मागे जा. भाची मोजून बारा पावलं मागे गेली. गाडी अगदी होती तशी दिसली. दारातला भाऊ नखाएवढा.

"हीच घे," तो म्हणाला. "गाडी खोटी दिसत नाही आणि कापडाआड दडलो की मीही दिसत नाही. तुझी मला पुसायची कटकट वाचली."

तीच घेतली. दोन वर्षं बापलेकींनी तिच्यावर झकास काम केलं. मग एका सकाळी, हातात ओला स्पंज असतानाच, तो एका गाडीच्या चाकाला टेकून बसला, तो उठलाच नाही.

घरात लावायला त्याचा फोटो हवा होता. तरुणपणचा एक होता, त्यात डोईवर जंगल. तो माझा ओळखीचा भाऊच नव्हे. ओळखपत्रावर कुणी भेदरलेला इसम. भाचीने सगळे गाड्यांचे फोटो उघडले. ही लेन्स घेण्याआधीच्या फोटोंत तिने त्याला पुसलेलं, आणि जागा व्हावी म्हणून मूळ फोटोही काढून टाकलेले. नंतरच्या फोटोंत काळं कापड, खाली दोन बूट.

"आत्या," ती म्हणाली, "हजारो फोटोंत बाबा होते गं. मीच काढून टाकले."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

काखेत कळसा म्हणतात तसं झालं. आठ दिवसांनी, कुणाकुणाला कळवायचं राहिलं ते बघायला मी त्याचा फोन चार्जिंगला लावला, तर त्यात तो दुकानासमोरचा फोटो. त्या दिवशी त्याने दार पुसलं नसतं, तर धुळीत काय दिसणार होतं?

भाचीने तो कॉम्प्युटरवर घेतला. लेन्सने केलेला वाकडेपणा काढता येतो म्हणे. गाडीचं नाक सरळ झालं, पण भाऊ काही सरळ होईना. "दारालाच बाक आहे गं, आत्या. तो कसा काढू?" चेहरा मोठा करावा तर त्याचे चौकोन चौकोन होत. दोन दिवस ती खपली, मग सगळं होतं तसं ठेवून दिलं. आता भिंतीवर भोपळ्याच्या नाकाची गाडी आहे. येणारा माणूस विचारतो, ही कुणाची गाडी? आम्ही दाराकडे बोट दाखवतो.

भाची आवारात जाते अजून. काळं कापड आता काठीला बांधलेलं असतं. ती बारा पावलं मागे जाते, आणि सवयीने शेजारच्या कापडाकडे वळून बापाशी बोलू लागते.

एवढंच मागणं आहे तुमच्याकडे. रस्त्याने जाताना एखाद्या गाडीच्या लख्ख दारात स्वतःचं तोंड दिसलं, तर खुशाल केस नीट करा. पण क्षणभर थांबून माझ्या चकचकची आठवण काढा.