मापाच्या चिठ्ठीवरचं नाव

आमच्या दुकानात मापाच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरात माप घेणाऱ्याचं नाव लिहितात. गिऱ्हाइकाचं नाव मागच्या बाजूला. कारण कोट बिघडला की गिऱ्हाईक आपल्या पायांनी येऊन समोर उभं राहतं, ते शोधावं लागत नाही. शिव्या कुणाला घालायच्या, ते शोधावं लागतं. ही पद्धत आमच्या आजोबांची.

अप्पा, म्हणजे आमचे वडील नागोजीराव, म्हैसूरला शिवरामपेटेत युनिफॉर्म शिवतात. बँडवाल्यांचे, वॉचमनांचे, शाळांचे. पणजोबा महाराजांच्या घोडदळात होते. घोडे कधीच गेले, पण अप्पांचा आवाज अजून खाली उतरलेला नाही. वय एकाहत्तर, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, आणि मोठ्या कात्रीला कुणाला हात लावू देत नाहीत.

ती कात्री हवी होती माझ्या अक्काला, वनजाला. पंधरा वर्षं ती मापं घेत्येय, कागदी पॅटर्न काढत्येय, पण कापड कापायची वेळ आली की अप्पा तिला बाजूला सारतात. "माझ्यामागे कटिंग भुजंग बघेल," म्हणतात. भुजंग म्हणजे मी. मी आयुष्यात एकच पँट कापली. तिच्या दोन उशांच्या खोळी झाल्या.

शेवटी अक्कानेच चिदंबरला बोलावलं. हा आमचं जुनं गिऱ्हाईक. बेंगळूरला कसलासा कोर्स करून आला होता आणि घरगुती धंदेवाल्यांना त्यांचे स्वभाव सांगत फिरायचा. साठ प्रश्नांचा फॉर्म भरायचा, कॉम्प्युटर रिपोर्ट देतो, मग घरातले एकमेकांना समजून घेतात.

"परका माणूस सांगेल तर अप्पा ऐकतील," अक्का मला म्हणाली.

चिदंबरने चौघांना चार फॉर्म दिले. "प्रत्येकाने आपापला भरा. खरं खरं लिहा हं. जाऊन कॉफी पिऊन येतो."

तो गेल्यावर अप्पांनी फॉर्म दूर धरून वाचला. "आपापला? स्वतःचं माप स्वतः घेतं का कुणी? हात वाकडा होतो, पोट आत जातं. अदला-बदली करा! वनजाचा मी भरतो. वनजा माझा. गिरिजा, तू ह्या दांडग्याचा, आणि हा तुझा."

आई म्हणाली, "अय्यो, ह्याच्याबद्दल साठ ओळी कुठनं आणू?"

चौघांनी मान खाली घालून लिहिलं. आणि हाताला सवय पडलेलीच ना, सगळ्यांनी वर आपलं नाव टाकलं, गिऱ्हाइकाचं मागे. चिदंबर आला, त्याने फॉर्मांचे समोरून फोटो काढले, मूळ कागद पिशवीत घातले आणि गेला.

आठवड्याने रिपोर्ट घेऊन आला. घसा साफ करून वाचायला लागला.

"नागोजीराव. हात स्थिर. निर्णय अचूक. चूक झाली तर स्वतः कबूल करतात. व्यवसायाची सूत्रं ह्यांच्याच हाती असावीत."

अप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "कॉम्प्युटर हुशार आहे, अल्वा? हो की नाही?"

"चूक कबूल करतात?" आई म्हणाली. "कधी?"

"गिरिजाबाई. स्वभावाने गोड, पण दुपारी ह्यांच्याकडून कामाची अपेक्षा ठेवू नये."

आई जरा थबकली. मग म्हणाली, "बरोबर लिहिलंय."

"भुजंगराव. सगळ्यांचं ऐकून घेतात आणि शेवटी स्वतःला हवं तेच करवून घेतात. घर खरं हेच चालवतात."

त्या दिवसापासून अप्पा माझ्याकडे संशयाने बघायला लागले.

"वनजा. हट्टी. चटकन भडकतात. दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडतात. गिऱ्हाइकांपासून दूर ठेवावं."

अक्काचा चेहरा उतरला. आत येऊन मला म्हणाली, "भुज्या, मी अप्पांसारखी आहे रे! मला कधी कळलंच नाही."

अप्पांनी रिपोर्ट भिंतीवर चिकटवला आणि अमलात आणला. अक्काची रवानगी मागच्या खोलीत, काजं-बटणं करायला. आई दुपारी दोनला आडवी व्हायला लागली, आणि चारची कॉफी बंद झाली. अप्पांनी कुरकूर केली की ती झोपेतच भिंतीकडे बोट दाखवायची.

तेवढ्यात पिरियापट्टणच्या एका शाळेची ऑर्डर आली. दसऱ्यासाठी बँडचे चोवीस लाल कोट. अप्पांनी स्थिर हाताने, कॉफीशिवाय, दोन दिवसांत सगळं कापलं. तिसऱ्या दिवशी जोडायला घेतलं, आणि पहिल्याच कोटाला मशीन थांबलं. अठ्ठेचाळीस बाह्या होत्या. अठ्ठेचाळीसही डाव्या.

"वनजा!" अप्पा गरजले. "तुला दिसलं नाही?"

"पहिल्याच दिवशी दिसलं," अक्का दोरा तोडत म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"मी लोकांचं बोलणं मध्येच तोडते. भिंतीवर आहे."

अप्पांनी रिपोर्ट भिंतीवरून उपटला आणि फोन लावला. "चिदंबरा! माझा हात स्थिर म्हणून लिहून देतोस? ये इथे! कागद घेऊन ये!"

चिदंबर पिशवी घेऊन धावत आला. "सर, तुमच्याच अक्षरात उत्तरं आहेत. हे बघा." त्याने अप्पांच्या नावाचा फॉर्म पुढे केला. अप्पांना जवळचं दिसेना, म्हणून अक्काने घेतला. तिने सवयीने आधी उलटा केला. मापाची चिठ्ठी आम्ही नेहमी मागूनच वाचतो.

मागे अप्पांचं टपोरं अक्षर होतं. गिऱ्हाईक: वनजा. आणि खाली, जिथे आम्ही "डावा खांदा उतरता" वगैरे लिहितो तिथे: "हात माझ्यापेक्षा चांगला. हिला सांगायचं नाही."

अक्काने ते मोठ्याने वाचलं. दुसरं वाक्यसुद्धा.

चिदंबरने पटापट बाकीचे तीन फॉर्म उलटे केले आणि कपाळाला हात लावून खुर्चीत बसला. अप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, एक स्कूटर होती.

"अप्पा," अक्का म्हणाली, "हे माप तुम्ही घेतलंय?"

आमच्या दुकानात वर नाव असलेलं माप नाकारता येत नाही. हाही आजोबांचाच नियम. अप्पांनी टेबलावरची मोठी कात्री उचलली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि मुठीकडून तिच्यापुढे धरली.

"उजव्या बाह्या," म्हणाले. "चोवीस. कापड उलटून घे. नाहीतर..."

"माहितेय."

"बघ, मध्येच तोडलंस!"

"तो स्वभाव तुमचा आहे. माझ्या नावाचा फॉर्म वाचून बघा."

त्यांनी तो माझ्याकडून वाचून घेतला. मागे अक्काने लिहिलं होतं, "माप देताना पोट आत घेऊन उभे राहतात. मार्जिन ठेवावी." अप्पांनी लगेच पोट सैल सोडलं.

तोवर अक्काने गोदामातून लाल कापडाचा उरलेला तागा आणला होता. पहिल्या बाहीवर कात्री चालली तसे अप्पा शेजारी जाऊन कापड ताणून धरायला लागले. चार वाजले तेव्हा त्यांनी आत हाक मारली, "गिरिजा, चूक होती ती. झोपाळू तू नाहीस, भुजंग आहे. ऊठ, कॉफी टाक!"

आतून आवाज आला, "माझा रिपोर्ट बदलायचा नाही. भुजंगला सांगा. घर तोच चालवतो ना?"

मी कॉफी टाकली.