हुंकार दिला नाही

"रेकॉर्डिंगमध्ये तुझा आवाज येता कामा नये, अपेक्षा. फक्त सांगणारीचा आला पाहिजे."

राजेश्री मॅडमचं हे सांगणं अपेक्षानं वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. मॅडम काही वाईट नव्हत्या. उलट अख्ख्या कॉलेजात पोरींनी लिहिलेली ओळ न् ओळ वाचणाऱ्या त्या एकट्याच. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला संशोधन प्रकल्प सक्तीचा, म्हणून बाकीच्यांनी ग्रंथालयातून कादंबऱ्या उचलल्या. अपेक्षानं मात्र आपल्या सख्ख्या आत्याच्या तोंडच्या कहाण्या घेतल्या. विषय ठरला : 'राणीसावरगाव परिसरातील व्रतांच्या कहाण्या : संकलन आणि अभ्यास.'

"सात घे," मॅडम म्हणाल्या होत्या, "पण सातही पूर्ण पाहिजेत."

आत्याचं नाव कस्तुराबाई. राणीसावरगावात लेकाजवळ, भागवतजवळ राहायची. आठवड्याचे बहुतेक वार तिचे कुठल्या ना कुठल्या देवाला दिलेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. समोर माणूस बसलंय एवढं कळायचं, त्याची मान हलली का ओठ हलले ते कळायचं नाही. पण ऑपरेशनला ती तयार होत नव्हती. "डागदर डोक्यावरून पानी घिऊ देत न्हाई म्हनं. मंग पारोशानं देव पुजू का?" असं म्हणून तिनं भागवतला चारदा परत फिरवलं होतं.

उपासाच्या दिवशी अंघोळ, पूजा आणि मग कहाणी. मुठीत ज्वारीचे चार दाणे घ्यायचे, आत्यानं एक वाक्य सांगायचं, ऐकणारीनं 'हूं' म्हणायचं. हूं आला की पुढचं वाक्य. पहिल्या सहा कहाण्या अशाच झाल्या. शेजारच्या बायका येऊन बसायच्या आणि सगळ्या मिळून हुंकार द्यायच्या. आत्या मधूनच फोनकडं बोट करून म्हणायची, "त्या डबड्याला बी म्हना, हूं म्हन. फुकट ऐकायलंय मघाधरून."

गंगाखेडला कॉलेजात परत आल्यावर मॅडमनी ते सगळं कानाला लावून ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे मध्ये मध्ये हूं हूं काय आहे? सांगणारीचे शब्द झाकले जातात. पुढच्या वेळी एकटी बस, आणि गप्प बस." अपेक्षानं ते वहीत लिहून घेतलं ते तेव्हाच.

सातवीचा दिवस रविवारचा होता. बायका कापूस वेचायला गेलेल्या, घरात दोघीच. अपेक्षानं फोन पाटावर ठेवला, दाणे घेतले आणि ओठ मिटून बसली.

"एक अस्तुरी व्हती," आत्यानं सुरू केलं. "तिचा नेम कसा? तव्यावरली पैली भाकर दारी यील त्याची."

आत्या थांबली. अपेक्षानं मान हलवली.

"ऐकायलीस न्हवं?"

अपेक्षानं पुन्हा जोरात मान हलवली. आत्यानं कान तिच्याकडं केला, घटकाभर वाट पाहिली आणि पुढं निघाली. सासूनं त्या बाईला नेमापायी घराबाहेर काढली. ती रानात गेली. पदरात मूठभर पीठ. तीन दगडांची चूल मांडली, एकच भाकर थापली. प्रत्येक वाक्यानंतर आत्या थांबायची, आणि दर खेपेला तिचा आवाज जरा खाली यायचा.

"भाकर फुगली. आता खावा म्हनून तिनं तुकडा मोडला, तं मागून हाक आली, 'बाई, माझी भाकर कुठं हाय?' तिनं मागं वळून बगितलं, तं…"

तिथं आत्या अडली. अपेक्षा श्वास धरून बसली होती. रेकॉर्डिंग किती छान चाललंय, तिच्या मनात हेच.

"अपे, हाईस का गेलीस?"

"आहे ना आत्या!" शेवटी तिला बोलावंच लागलं. "तू सांग. मी मुद्दाम गप्प आहे. मॅडमनी सांगितलंय, माझा आवाज नको."

"अगं माय!" आत्या हसली, पण ते हसू ओठांच्या पुढं गेलं नाही. "मंग मी काय भिताडाला सांगायलेव? हुंकार नसला की म्होरलं येत न्हाई बाई. तोंडात मातीच झाली." मग दाणे चाचपत ती पुटपुटली, "अर्धी ठिवू ने ही. जिच्या म्होरं सुरू केली तिच्याच म्होरं पुरी करावी लागती."

"पुढच्या रविवारी येते ना. तेव्हा भरपूर हुंकार देते."

पाचची गाडी होती. अपेक्षा निघाली. पुढच्या रविवारी ती गेली नाही. प्रकरणांचा आराखडा मॅडमनी परत पाठवला होता. उद्दिष्टं आणि गृहीतकं वेगळी करायची होती, संदर्भसूचीही अजून व्हायची होती. त्याच्या पुढच्या गुरुवारी भागवतचा फोन आला : मायला लकवा मारला, उजवी बाजू गेली, वाचा गेली.

दवाखान्यातून घरी आणल्यावर अपेक्षा भेटायला गेली. आत्या भिंतीकडच्या बाजेवर होती, तोंड एका अंगाला ओढलेलं. भागवत चमच्यानं पेज भरवत होता.

"बोलाय येतंय का काही?"

"हूं तेवढं येतंय," भागवत म्हणाला. "पानी देऊ का म्हनलं तरी हूं, राहू दे का म्हनलं तरी हूं. जल्मभर आमाला बोलू दिलं न्हाई, आता कशालाच न्हाई म्हनंना." तो हसायला गेला आणि त्यानं वाटी खाली ठेवली. मग दाराकडं बघत म्हणाला, "अपे, तुला सांगू का नको… त्या रविवारी तू गेल्यावर मायनं पानी घेतलं न्हाई. कहानी अर्धी टाकून उपास सोडता येत न्हाई म्हनली. मी हुंकार देतो म्हनलं, तं म्हनली, तुला न्हाई सांगायची, अपीची हाय. राती पार दिवे मालवायच्या वक्ताला घोटभर घेतलं."

 अपेक्षा बाजेच्या कडेला बसली आणि आत्याचा डावा हात हातात घेतला. मग हलक्या आवाजात तिनं सुरू केलं.

"एक अस्तुरी होती."

"हूं," आत्या म्हणाली.

भागवतनं चटकन वळून पाहिलं. हा हूं वेगळा होता. त्याला बूड होतं.

"तिचा नेम, तव्यावरली पहिली भाकर दारी येईल त्याची."

"हूं."

सासू झाली, रान झालं, तीन दगडांची चूल झाली. एकही हुंकार चुकला नाही. आत्याचे पांढुरके डोळे अपेक्षाच्या आवाजावर खिळलेले होते. हाक आली. बाईनं मागं वळून पाहिलं. अपेक्षा थांबली. आत्या वाट पाहत राहिली.

अपेक्षानं एक शेवट जुळवला. "तर मागं देव उभा होता."

आत्या गप्प.

"तर… सासू उभी होती. उपाशी."

बाजेवरून काहीच आलं नाही. प्रत्येक गोष्टीला हूं म्हणणारी बाई या दोन्ही वेळा मिटून राहिली. मग तिच्या वाकड्या डोळ्यातून पाणी कानाकडं ओघळलं. आत्याचा पदर हाताशी होता तरी अपेक्षाला ते पुसायचं सुचलं नाही.

"दादा, ही कहाणी अजून कुणाला येते?"

भागवतनं विचार केला. "बोरीची बायना मावशी. मायची मावसबहीन. लहानपनी दोघी एकाच ठिकानी कहान्या शिकल्या म्हनं. हाय अजून, पर आता लय थकली."

अपेक्षा आत्याच्या कानाशी वाकली. "आत्या, मी बोरीला जाते. शेवट घेऊन येते आणि मीच तुला सांगते. पुरी करते."

"हूं," आत्या म्हणाली.

प्रकल्प द्यायला चार दिवस राहिले होते. आधी तो देऊन टाकावा आणि मग मोकळ्या मनानं बोरीला जावं, असं अपेक्षानं ठरवलं. त्या क्षणी ते शहाणपणाचंच वाटलं. ती दिवसभर टंकत बसायची. फोनमधल्या सातव्या कहाणीत खरोखर तिचा आवाज कुठं नव्हता. आत्याचं एक वाक्य, मग मोकळी जागा, आणि त्या जागेत आत्याचा वाट पाहणारा श्वास तेवढा ऐकू येत होता.

'संशोधनाच्या मर्यादा' या मथळ्याखाली तिनं एवढंच लिहिलं : 'सातवी कहाणी अपूर्ण आहे. निवेदिका कस्तुराबाई यांना ती पूर्ण येत होती. संशोधिकेने हुंकार दिला नाही.'

मॅडमनी ते पान वाचलं आणि पेन उचललं. "असं लिहीत नाहीत गं. निवेदिकेच्या आजारपणामुळं, असं लिही."

"आजारी त्या नंतर पडल्या मॅडम."

मॅडमनी पान पुन्हा वाचलं. हुंकार म्हणजे काय ते त्यांनी विचारलं, आणि अपेक्षानं सांगितलं. खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होईना. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "मला ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या. "राहू दे, तसंच राहू दे." आणि त्यांनी सही केली.

बाइंडिंगच्या दुकानात तिन्ही प्रतींचा डिंक अजून ओला होता तेव्हा फोन वाजला. भागवत होता. तो बोलायच्या आधीच अपेक्षाला कळलं, कारण तो नुसता श्वास घेत होता. "सकाळी…" एवढंच म्हणाला. दुकानदारानं विचारलं, "ताई, पाठीवर नाव सोनेरी टाकू का चंदेरी?" तिनं काय उत्तर दिलं ते तिला नंतर कधीच आठवलं नाही.

मातीला माणसं फार होती. आत्याच्या कहाण्या ऐकलेल्या सगळ्या बायका आल्या होत्या. त्यांच्यात अपेक्षा मागं उभी राहिली. पुढं जावं इतका आपला हक्क आहे असं तिला वाटेना.

तेरावा झाला. चौदाव्या दिवशी अंघोळ, पूजा उरकून तिनं पिशवीत मावशीसाठी एक लुगडं आणि पाण्याची बाटली ठेवली. आई चुलीपाशी होती.

"कुठं निघालीस?"

"बोरीला. बायना मावशीकडं."

आई थांबली. "प्रकल्प तं देऊन झाला ना बाई. आन् आत्या बी ऱ्हायली न्हाई. आता कुनाला सांगनार?"

"ठाऊक नाही आई."

"मंग?"

"जाते म्हटलंय मी तिला."

 अपेक्षानं देवाला हात जोडले, चपला घातल्या आणि दार हळूच ओढून घेतलं. परभणीची पहिली गाडी साडेसहाला होती. परभणीहून पुढं जिंतूरची, बोरीवरून जाणारी. स्टँडवर अजून फारसं कुणी नव्हतं. गाडी लागली, तशी ती चढली आणि खिडकीपाशी जाऊन बसली.