पालथा दगड

बसा, पाय पसरून बसा. तुमच्या ग्लासात वाइन ओततो आणि स्टाथिसची गोष्ट सांगतो. मध्ये उठायचं मात्र नाही.

आमच्या गावाखाली जुन्या ग्रीकांचं शहर आहे. आहे म्हणजे काय, होतं. कुणी राजा आला, त्यानं देवळं पाडली. तुर्कांनी खांब फोडून किल्ला बांधला. जर्मनांनी उरल्यासुरल्यात खंदक खणले. आणि लढाया नसायच्या तेव्हा आम्ही होतोच की! संगमरवर फोडायचा, भट्टीत जाळायचा, त्या चुन्यानं ईस्टरला घरं पांढरी करायची. पणजोबांपासून हेच. नेम एकच. चेहरा असलेला दगड भट्टीत घालायचा नाही. तो बघतो, म्हणायचे.

भट्टी स्टाथिसची. त्याची लहानगी आन्थी जर्मनांच्या साली भुकेनं गेली. तिचा एक फोटोही नव्हता. फोटो कुठला काढणार, पोटाला पाव नव्हता. पुढच्या वर्षी दगड काढताना त्याला एक फरशी सापडली. वर कोरलेली पोरगी, तळहातावर पाखरू, गाल फुगवलेला. बायको गारुफालियानं बघितलं आणि तिच्या गालावरची माती पुसली.

"अहो, ही आपलीच रुसून बसलीय!"

फरशी त्यांनी मेंढवाड्यापाशी उभी केली. गारुफालिया रोज डोईच्या रुमालानं तिचं तोंड पुसायची, वर दटावायची, "नाक बघ कसं माखलंय!"

मग जर्मन गेले आणि देशात आपसातच, भावाभावांची लढाई लागली. आज हे शिपाई, उद्या ते. मूर्ती दिसली की नेमबाजी, नाहीतर सरळ उचलून नेणं. स्टाथिसनं काय केलं, फरशी पालथी घातली, मेंढवाड्याच्या उंबऱ्याला. पाठ ओबडधोबड, चार दगडांसारखी.

"आता प्रत्यक्ष देव आला तरी ओळखायचा नाही," तो बायकोला म्हणाला. तिसऱ्या कुणाला सांगितलं नाही.

पुढं सैन्यानं अख्खं गाव उठवून खाली समुद्राकाठी तंबूत नेऊन टाकलं. लढाई संपली तशी परतायची मुभा मिळाली. गारुफालियाचा भाऊ लिआकोस पोरांना घेऊन आधी वर गेला. म्हातारेकोतारे येतील तेव्हा ईस्टरला गाव पांढरं दिसलं पाहिजे, म्हणून.

आणि दिसलं हो! लोक रडत होते वेशीवर. गारुफालिया कुठं थांबतेय, तडक मेंढवाड्याकडे गेली. उंबऱ्याच्या जागी नुसता खड्डा.

"लिआकोस," स्टाथिसनं विचारलं, "इथला दगड कुठाय?"

"तो? दाजी, तुमच्याच घराला लावलाय! चुना काय निघाला म्हणता, लोणी! आणि नेम मोडला नाही हां, चेहरेवाले सगळे बाजूला ठेवलेत."

"उलटून बघितलास?"

"उंबरा कोण उलटून बघतो, दाजी? मातीत रुतलेला, जागेवरच घण घातला. तुकडे चिखलानं लडबडलेले, तसेच टोपलीत..." मग त्यानं बहिणीकडे बघितलं. "ताई? काय झालं, ताई?"

स्टाथिस तोंडाचा फटकळ माणूस, पण शिव्या देणार कुणाला? पालथी घातली होती ती त्याच्याच हातांनी.

गारुफालिया घरापाशी गेली आणि भिंतीला गाल लावून उभी राहिली. चुना अजून ओला होता. बऱ्याच वेळानं वळली तर एक गाल पांढराफटक. स्टाथिस बाही ओढून पुसायला गेला. तिनं हात धरला.

"राहू द्या. आपल्या पोरीचं आहे."

ईस्टरला चर्चमध्ये ती तशीच आली. मेणबत्त्यांच्या उजेडात सगळ्या गावानं बघितलं. हसलं कुणी नाही.

स्टाथिसनं भट्टी परत पेटवली नाही. आता दोघंही नाहीत. त्या जुन्या शहरात शेळ्या चरतात, काट्यांत कोण जातंय? तुम्ही मात्र उद्या तिथं जाणार म्हणताय ना? मग एवढं करा. पालथा दगड दिसला तर तसेच पुढं जाऊ नका, जरा वाकून उलटून बघा. एकट्याला हलत नसेल तर मला हाक मारा.