सरूबाईंचा जलतरंग

मित्रांनो, मी चिखलीतल्या एका घरातला जुना स्टिरिओ आहे. माझ्या एका बटणाचं टोपण कधीच हरवलं, त्या जागी पेनाचं झाकण बसवलेलं आहे. उजव्या स्पीकरची जाळी फाटली आहे. तरी माझा आवाज अजून चांगला आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण मध्यंतरी या घरात त्याबद्दल शंका निघाली होती.

भोसरीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझी जुळणी झाली. चार-पाच बायका ओळीने बसून तारा जोडायच्या आणि धूर नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला पदर लावायच्या. तिथून मी पिंपरी कॅम्पातल्या दुकानात आलो. किसनराव आणि सरूबाई लहानग्या मिनलला घेऊन आले आणि मला रिक्षात मांडीवर ठेवून घरी घेऊन गेले.

दुकानदाराने माझ्याबरोबर नमुन्याची एक कॅसेट दिली होती. तिच्यात एकेक वाद्य थोडं थोडं वाजायचं. सतार, बासरी, सनई, पखवाज, व्हायोलिन आणि शेवटी जलतरंग. जलतरंग लागला तेव्हा सरूबाई स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या.

"अवं, ह्यात भांडी वाजत्यात व्हय?"

"पाण्याच्या वाट्या हायेत. काडीनं वाजवत्यात," किसनराव म्हणाले.

"जन्मभर भांडी घासली मी, पण अशी एक वाजली न्हाई!"

तेव्हापासून जलतरंग सरूबाईंचा झाला आणि पखवाज किसनरावांचा. मिनल व्हायोलिन मागायची. आमच्या भागात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. गुरुवारी सकाळी किसनराव अंघोळ करून माझ्यासमोर बसायचे. पखवाजावर थाप पडली की म्हणायचे, "ह्याला म्हणायचं वाजणं. प्रेस बसल्यावानी!"

"घरी आल्यावर बी प्रेसच पायजे तुमाला," सरूबाई म्हणायच्या आणि कॅसेट पुढे पळवून जलतरंग लावायच्या.

किसनराव चाकणला एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये होते. तिथे दिवसभर पत्र्यावर प्रेस आदळत असते. कंपनी कानात घालायला बोळे द्यायची, पण किसनराव आणि त्यांच्या लाइनवरचे दत्तोबा ते खिशातच ठेवायचे. पत्रा नीट बसला की फाटला हे त्यांना आवाजावरून कळायचं. कान झाकले तर काम कसं कळणार, असं त्यांना वाटायचं. एखाद्या नव्या कामगाराने बोळे घातलेच तर लाइनवर हसू व्हायचं, "काय भावा, झोपायला आलास का?" मग ते बोळे तसेच घरी यायचे आणि मिनल आपल्या बाहुलीसाठी त्यांच्या उशा करायची.

अशी बरीच वर्षं गेली. कॅसेटी मागे पडल्या. मिनल शिकली, तळवड्याला नोकरीला लागली, लग्न होऊन वाकडला गेली. घरात मोठा टीव्ही आला आणि मी कोपऱ्यात गेलो. पण गुरुवार चुकला नाही.

एका गुरुवारी जलतरंग ऐन रंगात असताना किसनरावांनी विचारलं, "संपली का गं कॅसेट?"

सरूबाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझी चाकं फिरत होती. त्यांनी हळूच मला बंद केलं. पुढच्या गुरुवारी मात्र त्या त्यांना खेटून बसल्या, त्यांचा हात मांडीवर घेतला आणि जलतरंगाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्यांच्या मनगटावर बोट वाजवू लागल्या. बारीक वाट्या भरभर वाजू लागल्या की त्यांचं बोटही भरभर चालायचं.

किसनराव खूश झाले. "आता कसा साफ वाजतोय! सयाजीकडनं दुरुस्त करून आणलास व्हय?"

"व्हय," सरूबाई म्हणाल्या.

मी सयाजीच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलोच नव्हतो. पण हे मी कसं सांगणार? मला दुसऱ्याचा आवाज काढता येतो, स्वतःचा एक शब्दही बोलता येत नाही.

मग सरूबाई आजारी पडल्या. दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या आणि एका फेरीला किसनराव एकटेच परत आले. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली सरूबाईंचा फोटो लागला. दुःखाच्या घरात गाणं-बजावणं नको म्हणून माझ्यावर त्यांचंच एक जुनं लुगडं टाकलं गेलं. त्याखाली मी वर्षभर गप्प होतो.

सरूबाईंच्या आठवणीचा, वर्षाचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम जवळ आला तेव्हा किसनरावांनी लुगडं काढून त्याची घडी केली. लोक येतील तेव्हा सरूचा जलतरंग लावायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी मला पुसलं आणि कॅसेट घातली. पखवाज वाजला. त्यांनी मान हलवली. शेवटी जलतरंग लागला. किसनराव वाट बघत बसले. त्यांनी आवाज वाढवला, मला थोपटलं, कान माझ्या फाटक्या जाळीला लावला.

"सगळं वाजवतोस," ते मला म्हणाले, "आन तिचंच तेवढं न्हाई?"

मित्रांनो, मी तेव्हा जीव तोडून वाजत होतो.

त्यांनी मला पिंपरीला सयाजीकडे नेलं. सयाजीने माझा पट्टा बदलला, धूळ काढली, लावून पाहिलं आणि म्हणाला, "किसनभाऊ, मशीन एकदम ओके. काही झालेलं नाही राव." घरी आल्यावर पुन्हा तेच. किसनराव सयाजीवर चिडले, माझ्यावर चिडले. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांनी भंगारवाल्याला बोलावणं धाडलं. तो यायच्या आधी मला शेवटचं लावलं आणि हातात सुतळी घेऊन समोर बसले. वाजला तर ठेवायचा, नाहीतर बांधून द्यायचा.

तेवढ्यात मिनल आली. दारातच थांबली आणि तिचे डोळे भरून आले.

"पप्पा, आईचा जलतरंग! अहो, खालच्या गेटपर्यंत ऐकू येतोय. त्या बघा, कस्तुराकाकूपण दारात येऊन उभ्या आहेत."

किसनरावांनी तिच्याकडे पाहिलं, शेजारच्या कस्तुराकाकूंकडे पाहिलं.

"आता वाजतोय?"

"हो ना. केवढा मोठ्याने!"

"आत्ता? ह्या घडीला?"

मिनलच्या लक्षात आलं की बोलणं आणि पखवाज पप्पांना ऐकू येत होता, पण बारीक, उंच सूर ऐकायचे कान प्रेसच्या आवाजाने गेले होते. तिने माझा आवाज कमी केला आणि खाली त्यांच्याजवळ बसली. किसनरावांनी माझ्या फिरणाऱ्या चाकांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग तुझ्या आईसंगं बसून मी काय ऐकत हुतो गं?"

मिनलला ते माहीत नव्हतं. तिने त्यांचा हात हातात घेतला, तसं किसनरावांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. त्यांना हळूहळू कळत गेलं. "मला बोलली न्हाई," ते म्हणाले. "येकदा बी बोलली न्हाई." मग त्यांना रडू आलं. वर्षभरात मी त्यांना रडताना ऐकलं नव्हतं. भंगारवाल्याने खालून हाक दिली. मिनलने त्याला परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी लोक जमले. बुद्धवंदना झाली आणि किसनरावांनी स्वतः मला सुरू केलं. ते माझ्याकडे पाठ करून बसले, लोकांची तोंडं दिसावीत म्हणून. बायका डोळे पुसत होत्या. कस्तुराकाकू हळू मान डोलावत होत्या. किसनराव एकेका चेहऱ्याकडे बघत होते. शेवटी त्यांची नजर दत्तोबांवर गेली. दत्तोबाही मान हलवत होते, पण भलत्याच वेळी.

"दत्तोबा, तुला येतंय का रं ऐकू?"

दत्तोबा ओशाळले. "न्हाई बा. सगळी हलवत्यात म्हनून मी बी हलवतोय."

दोघं एकमेकांकडे बघून हसले. मग दोघांनीही माना खाली घातल्या.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझा पट्टा तुटला तर सयाजी दुसरा घालतो. पण कान एकदा गेले की परत येत नाहीत, हे या घरात मी पाहिलं आहे. तुमचे आईवडील मोठ्या आवाजात काम करत असतील तर त्यांच्या खिशातले बोळे त्यांच्या कानात जाताहेत का, ते विचारा. हसणाऱ्यांना हसू द्या. आणि घरात कोणाला काय ऐकायला आवडतं ते विचारून, तुम्हाला आणि त्यांना, दोघांनाही ऐकू येतंय तोवर, जवळ बसून ऐका.

त्या दिवशी जलतरंग संपला तेव्हा माझं बटण खटकन वर आलं. बायका उठल्या, चहाची तयारी सुरू झाली. किसनराव मात्र मान खाली घालून, डोळे मिटून, हात जोडून तसेच बसून राहिले. त्यांच्या लेखी तो अजून वाजत होता, आणि संपला असं त्यांना कोणी सांगितलं नाही.