वाळू काढायची राहिली

ओल्या वाळूच्या ढिगावर दादाने वर्तमानपत्राचा आणखी एक भिजलेला कागद चिकटवला आणि लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा त्यावरून हात फिरवला. परसात कमरेइतका उंच ओटा बांधून त्यावर त्याने तो ढीग रचला होता, अर्ध्या कलिंगडासारखा गोल. पुढच्या बाजूला विटांची बुटकी कमान उभी होती.

"पाणी आण गं, चिमणे."

धाकटीने बादली पुढे सरकवली. चिमणी म्हणवून घ्यायचं वय उलटून तिला बरीच वर्षं झाली होती. पण दादा परदेशातून येणार दोन वर्षांनी एकदा, तेवढ्यात ते नाव त्याच्या तोंडून सोडवायला वेळच मिळत नसे.

"कागद कशाला रे?" आईने खिडकीतून विचारलं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून खिडकीजवळची खुर्ची हेच तिचं अंगण होतं.

"यावर आता मातीचा जाड थर द्यायचा. तो घट्ट झाला की या कमानीतून हात घालून आतली वाळू उपसायची. कागद लागला की थांबायचं. आत पोकळ घुमट तयार. त्यात लाकडं पेटवली की पिझ्झा दोन मिनिटांत भाजून बाहेर."

"ऐकलंस?" आई धाकटीला म्हणाली. "याला म्हणतात डोकं."

दादा आल्यापासून धाकटी हेच ऐकत होती. तिला स्वतःला जे बोलायचं होतं, त्याला मात्र मुहूर्त लागत नव्हता. डोळ्यांच्या दवाखान्यात ती चष्म्याचे नंबर काढायची. दवाखान्याची दुसऱ्या गावात शाखा निघत होती आणि ती तिने वर्षभर जाऊन उभी करावी, असं मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावून विचारलं होतं. एवढं मोठं काही तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आईला एकटं ठेवणं शक्य नव्हतं. म्हणजे वर्षभर आईने दादाकडे जायचं. पहिल्यांदा विषय काढला तेव्हा दादा म्हणाला, ओटा होऊ दे. ओटा झाल्यावर त्याला कमानीसाठी विटा पसंत पडेनात. मग वाळूत खडे निघाले.

"दादा, महिनाअखेर मला त्यांना हो की नाही ते कळवायचंय."

"हो गं. घुमट होऊ दे, मग निवांत बसू."

"तुझं विमान उद्याच आहे."

दादाने हात बादलीत बुडवले आणि तसेच ठेवले.

"एक सांगू? रागावू नकोस. तुलाच जायचं नाहीये. त्यांना नाही म्हणायला काहीतरी निमित्त हवं, म्हणून तू मला पुढे करतेस."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"आईच म्हणाली. आणि आजचं नाही गं हे. दर फोनवर सांगते, तिला इथे करमतं, ती खूश आहे, तिची काळजी नको."

धाकटीने खिडकीकडे पाहिलं. आई मांडीवर ताट घेऊन मटार सोलत होती. एरवी सोलता सोलता तिचं लक्ष सगळीकडे असे. आत्ता मात्र ती फक्त मटारांकडे पाहत होती.

"माती दे," दादा म्हणाला.

संध्याकाळपर्यंत घुमट लिंपून झाला. दादाने त्याच्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. मग आईची खुर्ची उचलून बाहेर आणली आणि तिच्यासोबत आणखी एक काढला. निवांत बसणं राहिलं ते राहिलंच. सकाळी बॅगा गाडीत ठेवता ठेवता त्याने धाकटीला समजावलं.

"चार-पाच दिवसांनी वाळू काढ. मग लगेच मोठा जाळ करू नकोस, तडकेल. पहिल्या दिवशी मूठभर काटक्या. मग रोज थोडं थोडं वाढवत न्यायचं. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" आई म्हणाली. "ती घरातच तर असते."

नऊच्या ठोक्याला दवाखान्यात हजर असणाऱ्या धाकटीने गाडीचं दार लावून दिलं.

"आईसाठी काहीतरी करून चाललोय," दादा काच खाली करून म्हणाला. "बरं वाटतंय मनाला."

वाळू तिने काढली नाही. मुद्दाम नाही म्हणता येणार, आणि विसरली असं तर मुळीच नाही. सकाळी आईच्या गुडघ्यांना तेल, आंघोळ, डबा, दवाखाना, परतल्यावर पुन्हा तेल. कपडे वाळत घालायला जाताना ती रोज भट्टीवरून जायची. बाहेरून भट्टी अगदी पूर्ण दिसे. नातेवाइकांच्या ग्रुपवर दादाचा फोटो आला, खाली 'आईसाठी' असं लिहिलेलं, आणि त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. शेजारच्या मांजरीने मात्र भट्टीचा खरा उपयोग ओळखला आणि वाळूकडे नियमाने येऊ लागली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, दवाखान्याच्या सुट्टीच्या दुपारी, आईच्या फोनवर दादाचा चेहरा उमटला.

"काय मग, पेटवली का?"

गोळ्यांची डबी भरत असलेली धाकटी काही बोलणार, तोच आई म्हणाली, "पेटवली म्हणजे? काल खाल्लासुद्धा. तुझी इतकी आठवण काढली. मला कड जरा करपलेली आवडते ना, तशीच काढून दिली हिने."

धाकटीच्या हातातली गोळी हातातच राहिली. आईच्या बोलण्यात कुठे सांधा दिसत नव्हता. न भाजलेल्या पिझ्झ्याची कडसुद्धा करपली होती. एवढी सफाई पहिल्या खेपेला येत नाही, त्याला वर्षानुवर्षांचा हात लागतो. तिला इथे करमतं. ती खूश आहे. तेही याच खुर्चीत बसून, याच आवाजात सांगितलं गेलं असणार.

"मला बघू दे ना," दादा म्हणाला.

"दाखव गं त्याला." आईने फोन तिच्याकडे दिला आणि हलकेच म्हणाली, "बाहेरून."

परसात उतरतं ऊन होतं. धाकटीने फोन घुमटाभोवती फिरवला.

"वा! पण तोंडाशी काळं नाही झालं ते?"

"पुसून घेतलं हिने," खिडकीतून आई म्हणाली.

धाकटीने फोन कमानीसमोर धरला. ऊन थेट आत शिरलं होतं. वाळू काठोकाठ भरलेली, वरून सुकून पांढरट झालेली, तिच्यावर मांजरीच्या पंजांचे ठसे.

"दिसतंय?"

पडद्यावर दादाचा चेहरा जवळ आला. क्षणभर तसाच राहिला. मग मागे झाला.

"नाही गं. आत अंधार आहे."

तिने फोन आणखी पुढे नेला. दवाखान्यात काच बदलून ज्या स्वरात विचारायची, त्याच स्वरात तिने विचारलं, "आणि आता?"

"अंधारच आहे. पण आकार छान साधलाय. जाळ मात्र एकदम वाढवू नकोस हं."

दिसत नसलेली अक्षरं दिसतात म्हणून सांगणारी माणसं तिच्याकडे रोज येत. दिसत असून नाही म्हणणारी क्वचित येत, पण त्यांना ती लगेच ओळखायची.

तिने आईचा फोन कमानीत वाळूवर टेकवून ठेवला. दोरीवरच्या चादरीमागे जाऊन स्वतःचा फोन काढला आणि नंबर लावला.

"डॉक्टर, मी बोलतेय. हो, येते. पुढच्या सोमवारपासून. घरचं? घरचं ठरलंय सगळं."

मागे वाळूवरून दादाचा आवाज चालूच होता. लाकडं कोरडी हवीत, काटक्या बारीक हव्यात.

"कुणाशी बोलतेस गं?" आईने खिडकीतून विचारलं.

"दादाशी," धाकटी म्हणाली.