थांबलेल्या पेशी

बाईंनी उबेच्या कपाटाचं दार कोपराने लोटलं, काचेची तबकडी दोन्ही हातांनी बाहेर काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. भिंगाला डोळा लावला.

सुट्ट्या, विखुरलेल्या पेशी दिसायला हव्या होत्या. दिसले ते लांबच लांब धागे.

"चिमणे," त्यांनी मागे न बघताच हाक मारली, "अगं, दाटी झाली की यांची!"

चिमणी ही त्यांची जुनी विद्यार्थिनी. पहिल्याच दिवशी तिच्या तोंडाची टकळी थांबेना, म्हणून बाईंनीच हे नाव ठेवलं होतं. आता बाई निवृत्त झाल्या होत्या आणि प्रयोगशाळा चिमणी चालवत होती. तरी चारचौघांत तिला चिमणी म्हणायचा हक्क बाईंनी सोडला नव्हता.

तबकडीतल्या पेशी बाईंच्या धाकट्या भावाच्या होत्या. चिमणी त्याला मामा म्हणायची. लहानपणापासून त्याचे स्नायू झिजत गेले. शेवटी शेवटी पाण्याचं भांडंही उचलवेना. एका शस्त्रक्रियेत त्याच्या मांडीतून कणभर मांस घेतलं होतं, त्यातल्या या मूळ पेशी. तो जाऊनही आता बरीच वर्षं लोटली. गोठवलेली शेवटची कुपी बाईंनी चिमणीच्या हवाली केली ती एका अटीवर: वाढव आणि पुन्हा गोठवून ठेव. स्नायू करू नकोस.

कारण ती वाट एकेरी होती. मूळ पेशी आपल्या मनाने काही ठरवत नाही. शरीरात आजूबाजूच्या पेशी तिला 'थांब, इतक्यात नको' असं बजावत असतात. काचेत ते काम भरपूर पोषण करतं. पोषण आटलं की दुसरेच निरोप तिच्या दारातून हातोहात गाभ्यापर्यंत पोचतात. मग ती वाढणं सोडते, शेजारणीला बिलगते, तिच्यात मिसळून जाते. एकदा स्नायू झाला की त्याची पुन्हा मूळ पेशी होत नाही.

नवशिक्यांची हमखास चूक हीच. सुट्टी लागते, कोणी फिरकत नाही, दाटीत खाणं पुरेनासं होतं आणि पेशी परस्पर स्नायू होऊन बसतात. पहिल्या वर्षी चिमणीनेही असाच घोळ घातला होता आणि बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती.

"रडू नकोस आता," बाई म्हणाल्या. "निम्म्या तरी गोठवल्यास ना?"

चिमणी त्यांच्या बाजूला येऊन उभी राहिली.

बाईंनी पुन्हा पाहिलं. चुकून झालेले धागे न विंचरलेल्या केसांसारखे वाटेल तसे पसरतात. हे सगळे एका ओळीत होते. तबकडीच्या तळाला बारीक खाचा होत्या. अशी तबकडी मुद्दाम मागवावी लागते.

"ही चूक नाही," त्या सावकाश म्हणाल्या.

"नाही, बाई."

"अन्न तू तोडलंस. सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. थोड्या पेशींत जमलं नसतं."

"आणि माझ्यासमोर 'हो बाई, हो बाई' करत होतीस! परकं कोणी असतं तर मी कुपी दिलीच नसती. तुला म्हणून..."

"मामांनीच सांगितलं होतं मला."

"गेलेल्या माणसाच्या नावावर खपवू नकोस."

"खरंच, बाई. तुमच्या घरी. तुम्ही चहा टाकायला आत गेला होतात. म्हणाले, 'ताईने मला जन्मभर कापसात गुंडाळून ठेवलं, माझ्या पेशींचंही तेच करणार. मी गेल्यावर त्यांना एकदा मोकळं सोड. तिला विचारत बसू नकोस, ती नाहीच म्हणेल.'"

ते बोलणं त्याचंच होतं. चिमणीला तसं जुळवता आलं नसतं.

"माझ्याच घरात," त्या म्हणाल्या. "मी कप घेऊन बाहेर आले तेव्हा दोघं हसत होतात. मला वाटलं, माझ्या चहाला हसताय."

"चहालाही हसत होतो, बाई."

बाईंना हसू आलं नाही. त्या पुन्हा भिंगावर वाकल्या. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक धागा आखडला आणि सैल पडला. त्याच्या शेजारचा आखडला. कोणी न सांगता, कोणाचा हात न लागता पुन्हा पुन्हा ते चाललं होतं. मान अवघडली तरी बाईंनी डोळा काढला नाही.

"उद्या यांचं अन्न बदलायचंय," चिमणी हळूच म्हणाली. "तुम्ही बदलाल?"

बाईंनी तबकडी उबेत ठेवली, दार नीट लागल्याची खात्री केली आणि हातमोजे उतरवले.

"तूच बदल," त्या म्हणाल्या. "त्याने तुला सांगितलंय."